गावाकडच्या घरी चार कॅमेरे बसवायचेत: एनव्हीआर घ्यावा की जुन्या डेस्कटॉपवर सॉफ्टवेअर टाकावं?

तुमचा प्रश्न मला असा कळला: तुम्ही पुण्यात नोकरीला, आईवडील अंबाजोगाईजवळच्या गावात, घराला चार आयपी कॅमेरे (नेटवर्कवरून चित्र पाठवणारे) लावायचं ठरलंय. दुकानदार म्हणतो एनव्हीआर घ्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा तयार डबा. मित्र म्हणतो घरात आय फाईव्ह डेस्कटॉप पडून आहे, त्यावर रेकॉर्डिंगचं फुकटचं सॉफ्टवेअर टाक, पैसेही वाचतील आणि सोयीही जास्त मिळतील.

गावच्या घराला एनव्हीआरच घ्या. सॉफ्टवेअरमध्ये खोट आहे म्हणून हे सांगत नाही. नांदेडला माझ्या घरचे कॅमेरे सॉफ्टवेअरवरच चालतात आणि ते बदलायचा माझा विचारही नाही. पण हिंगोली जिल्ह्यात आमच्या गावी आई आणि अण्णा दोघंच असतात, तिथे मी एनव्हीआर बसवलाय. दोन्हीकडे कॅमेरे जवळपास सारखेच आहेत, घरं मात्र वेगळी आहेत. त्या घरात लाईट कशी असते आणि काही अडलं तर हात लावायला कोण असतं, हे आधी बघा. सोयींची यादी नंतर.

लाईटचं तुम्हाला नव्याने सांगायला नको. उन्हाळ्यात भारनियमन, वळवाचा पाऊस सुरू झाला की तारा तुटतात, डीपी जळाला तर दुसरा बसेपर्यंत गाव अंधारात. आणि नुसती जाणारी लाईट परवडली, पाच मिनिटांत चारदा ये-जा करणारी यंत्रांचा जीव घेते. एनव्हीआर अशा जागेसाठीच बनवलेला असतो. त्याची सिस्टिम आतल्या फ्लॅश चिपवर असते, हार्डडिस्क फक्त फुटेजसाठी. लाईट आली की तो मिनिट-दोन मिनिटांत स्वतःच उठतो, कुणी लॉगिन न करता रेकॉर्डिंग चालू होतं. सुरू होताना एक बीप वाजते. आमच्या अण्णांना ती आता इतकी सवयीची झाली आहे की लाईट आल्यावर बीप ऐकू आली नाही तर ते मला फोन करतात.

डेस्कटॉपकडून हेच करून घेता येतं, पण शिकवावं लागतं. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग लावा, सॉफ्टवेअर लॉगिनशिवाय सुरू होईल असं करा, विंडोज असेल तर अपडेटनंतरचं रीस्टार्ट सांभाळा. हे सगळं नीट केलं तरी जुन्या डेस्कटॉपची खरी अडचण नाण्याएवढ्या एका बॅटरीत असते. मदरबोर्डवरची ही सीएमओएस बॅटरी, सीआर २०३२, काही वर्षांनी संपते. ती संपली की लाईट जाताच बायोस आपली सेटिंगं विसरतो, घड्याळ भलत्याच तारखेवर जातं, आणि लाईट आल्यावर बरीच मशीन स्क्रीनवर ‘एफ वन दाबा’ असं लिहून थांबतात. ते एफ वन पुण्यातून दाबता येत नाही, आणि आईला फोनवर समजावून सांगायचं तर घरात कीबोर्ड कुठे आहे इथून सुरुवात करावी लागते. हा डेस्कटॉप वापरायचाच झाला तर ती बॅटरी सगळ्यात आधी बदला.

विंडोजचंही एक आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे अपडेट बंद केले. तुमचा आय फाईव्ह सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा असेल तर विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकणं आलं. तुम्हाला ते येत असेल, पण तुमच्या गावात ते येणारं दुसरं कोण आहे?

विजेचा हिशोबही मांडा. असा डेस्कटॉप चार कॅमेरे घेऊन चोवीस तास चालला तर सरासरी ६० वॅट धरायला हरकत नाही. दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३ च्या आसपास. चार चॅनलचा एनव्हीआर हार्डडिस्कसकट १५ वॅटवर भागतो, महिन्याला ११ युनिट. आईवडिलांच्या घराचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत असेल तर हे वरचे युनिट त्यांना महावितरणच्या पुढच्या, महाग टप्प्यात नेऊन ठेवू शकतात. फुकटच्या सॉफ्टवेअरचं बिल असं दर महिन्याला त्यांच्या हातात पडतं.

इन्व्हर्टरवर हा फरक जास्त जाणवतो. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात त्यातले ११००-१२०० हाती लागतात, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. एनव्हीआर १५ वॅट, चार कॅमेरे रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर प्रत्येकी ५ ते ७, राऊटर १०. सगळं मिळून ५० वॅट. घरातलं बाकी काही त्यावर नसेल तर ही मंडळी जवळपास पूर्ण दिवस निघू शकतात. डेस्कटॉप जोडलात तर भार दुप्पट होतो आणि वेळ निम्मा. त्यात मे महिन्यात पंखा बंद ठेवून कॅमेरे चालवा असं म्हाताऱ्या माणसांना कसं सांगणार?

इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक वेळा एक छोटा स्विच असतो: यूपीएस मोड आणि साधा मोड. साध्या मोडमध्ये लाईट जाऊन बॅटरी लागेपर्यंत जो क्षण जातो, त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो, म्हणून त्याला यूपीएस मोड लागतो. पण यूपीएस मोडला कमी व्होल्टेज चालत नाही. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की लाईट असूनसुद्धा इन्व्हर्टर बॅटरीवर जाऊन बसतो, आणि खरी लाईट जाते तेव्हा बॅटरी अर्धी झालेली असते. एनव्हीआर साध्या मोडवर ठेवता येतो. एखाद्या वेळी रीस्टार्ट झालाच तर बीप वाजवून पुन्हा कामाला लागतो.

आता माणसांचं. एनव्हीआरला एचडीएमआयने टीव्ही जोडला, माऊस लावला, की आईवडिलांना स्वतःला बघता येतं. आमच्याकडे टीव्हीवर चार चौकटी दिसतात. अण्णा माऊस धरून मागची वेळ ओढतात आणि गोठ्याचं फाटक रात्री कुणी उघडं ठेवलं ते शोधून काढतात. त्यांनी स्मार्टफोनला कधी मनापासून हात लावला नाही, पण हे त्यांचं ते शिकले. कॅमेरे त्यांच्या घराला आहेत, तर त्यांना ते वापरता आले पाहिजेत. मुलगा पुण्यात बसून आपल्याला बघतोय आणि आपल्याला मात्र काही दिसत नाही, ही भावना घरात चांगली नाही. आणि बिघाड झालाच तर अंबाजोगाईत कॅमेऱ्याची कामं करणारा कुठलाही पोरगा एनव्हीआर उघडून हार्डडिस्क बदलू शकतो. लिनक्सवर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवायच्या सोयीत) चालणारं सॉफ्टवेअर तो उघडणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

मग मी नांदेडला सॉफ्टवेअर का ठेवलंय? कारण तिथे मी असतो, आणि ओळखण्याच्या कामात ते खरोखर चांगलं आहे. साधा एनव्हीआर ‘हालचाल’ म्हणजे चित्रातला बदल एवढंच समजतो. लिंबाची फांदी हलली, की सूचना. पावसाळ्यात इन्फ्रारेडच्या उजेडावर किडे आले, की सूचना. कोळ्याने लेन्ससमोर जाळं विणलं तर रात्रभर सूचनांचा पाऊस, कारण जवळचा तो धागा दिव्याने पांढराफटक उजळतो आणि वाऱ्याने हलतो. चार रात्री असं झालं की माणूस सूचना बंद करून टाकतो, आणि पाचव्या रात्री खरंच कुणी आलं तर कळत नाही.

मी वापरतो ते फ्रिगेट. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. ते कॅमेऱ्याकडून दोन स्ट्रीम घेतं: मोठी मुख्य स्ट्रीम जशीच्या तशी डिस्कवर ठेवतं, आणि छोटी सबस्ट्रीम उघडून तीत माणूस आहे का, गाडी आहे का, कुत्रं आहे का ते पाहतं. त्यामुळे मशीनवर भार कमी पडतो. अंगणाचा कुठला भाग बघायचा आणि कुठला सोडायचा हे चित्रावर आखून देता येतं. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला सोडून फाटकाच्या आत पाऊल टाकणाऱ्याचीच सूचना येते, आणि अशा सूचनेवर विश्वास बसतो. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये जी ग्राफिक्सची सोय आतच असते, तिच्यावर ही ओळख चालते. माझ्याकडे छोटा मिनी पीसी आहे, तो एनव्हीआरइतकीच वीज घेतो, म्हणून वर सांगितलेला बिलाचा मुद्दा त्याला लागू नाही. विंडोजवरच काम करायचं असेल तर ब्लू आयरिस आहे, ते विकत घ्यावं लागतं. एजंट डीव्हीआर आणि झोनमाइंडरही लोक वापरतात.

मात्र मधल्या काही वर्षांत ही माणूस-गाडी ओळखायची सोय कॅमेऱ्यातच यायला लागली आहे, आणि तुमच्यासाठी ती पुरेशी आहे. खरेदी करताना हे मुद्दाम विचारा. कॅमेरे आणि एनव्हीआर एकाच कंपनीचे घ्या, कारण एका कंपनीच्या कॅमेऱ्याची ही ओळख दुसऱ्या कंपनीच्या एनव्हीआरला बहुधा कळत नाही. ऑनव्हिफ या सामाईक मानकाने चित्र येतं, साधी हालचाल कळते, पण माणूस आणि फांदी यातला फरक वाटेत हरवू शकतो.

यापेक्षाही एक महत्त्वाचं दुकानदार स्वतःहून सांगणार नाही. तो तुम्हाला पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) एनव्हीआर देईल, म्हणजे कॅमेऱ्यांच्या केबल थेट एनव्हीआरच्या पाठीत. दिसायला सुटसुटीत, पण त्यात कॅमेरे एनव्हीआरच्या आतल्या वेगळ्या नेटवर्कवर जातात आणि घरच्या राऊटरला थेट दिसत नाहीत. पुढे कधी सॉफ्टवेअर जोडायचं मनात आलं तर तिथे अडतं. त्याऐवजी साधा, पीओई नसलेला एनव्हीआर घ्या आणि चार-आठ पोर्टचा पीओई स्विच वेगळा घ्या. कॅमेरे स्विचला, स्विच राऊटरला, एनव्हीआरही राऊटरला. मग एकाच कॅमेऱ्याचं चित्र एनव्हीआर आणि सॉफ्टवेअर दोघंही घेऊ शकतात. आपल्याकडे याचा आणखी एक फायदा आहे. वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली तर तिचा झटका बाहेरच्या केबलमधून आत येतो, आणि मधे स्विच असला तर बऱ्याचदा तोच जळून थांबतो. स्विच स्वस्तात बदलता येतो, फुटेज असलेला एनव्हीआर बदलणं महागात पडतं. अर्थिंग नीट आहे का हेही त्याच वेळी तपासून घ्या. जुन्या घरांत प्लगला तिसरी वायर असते, पण ती कुठेच पोचलेली नसते.

केबल कॅट सिक्स, शुद्ध तांब्याची. सीसीए म्हणून मिळते ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली असते, पीओईला ती नको, लांबी वाढली की कॅमेरा रात्री दिवे लागताच बंद-चालू होतो. एका केबलची मर्यादा १०० मीटर. गोठा किंवा आखाडा त्याहून लांब असेल तर मधे आणखी एक स्विच किंवा वायरलेस जोडणी लागेल. उंदरांसाठी केबल पाईपातून न्या, माळवदाच्या घरात तर नक्कीच.

हार्डडिस्कचं गणित सोपं आहे. एच २६५ या चित्र दाबून साठवायच्या पद्धतीत चार मेगापिक्सलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) ठेवला तर चार कॅमेरे मिळून दिवसाला ८६ जीबी होतात. १ टीबी म्हणजे ११ दिवस, २ टीबी म्हणजे तीन आठवडे. मी २ टीबी सांगेन. आईवडील आषाढीला दिंडीबरोबर निघाले तर घर किती दिवस बंद राहतं ते बघा. परत आल्यावर चोरी कळली आणि नेमके तेवढेच दिवस पुसले गेलेत असं होऊ नये. डिस्क सर्व्हिलन्सची घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक, त्या चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेल्या असतात. डेस्कटॉपमधली जुनी डिस्क काढून यात लावू नका. आणि एनव्हीआरच्या सेटिंगमध्ये हार्डडिस्क बिघडली तर भोंगा वाजवायची सोय असते, ती चालू करा. बहुतेक ठिकाणी कॅमेरे दिसत असतात, टीव्हीवर चित्र असतं, आणि डिस्क मात्र कधीच मेलेली असते. घटना घडल्यावरच ते कळतं. मी गावी गेलो की चहाच्या आधी हेच करतो: सर्वांत जुन्या तारखेचं फुटेज लावून बघतो, मग शेवटची लाईट गेली त्या रात्रीचं.

एनव्हीआर पत्र्याखाली किंवा बंद लोखंडी कपाटात ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४२-४३ अंश असतं, कपाटात डिस्क भाजून निघते. दर्शनी खोलीत टीव्हीखालीही नको, चोर आधी तोच उचलतो. आतल्या खोलीत, हवा लागेल अशा जागी, भिंतीला उंचावर ठेवा, टीव्हीपर्यंत लांब एचडीएमआय केबल न्या. दारावरच्या कॅमेऱ्यात मेमरी कार्डही टाका, एनव्हीआर गेलाच तरी एक प्रत तिथे उरते.

सुरक्षिततेचं थोडक्यात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नाहीत म्हणून. तुमचा पासवर्ड तुम्ही लावा, फिटरला सांगू नका. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राऊटरमधून एनव्हीआरला इंटरनेटवर थेट उघडं करणं, करू देऊ नका. कंपनीचं ॲप किंवा व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची खासगी, सुरक्षित जोडणी) यातलं एक वापरा. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या कॅमेऱ्यांना सरकारची सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली आहे. दुकानात जुना माल स्वस्तात मिळाला तरी तसं प्रमाणपत्र असलेलंच मॉडेल मागा.

शेवटचा मुद्दा पुराव्याचा, आणि त्यातला कायदा आपल्या जालन्यावरूनच स्पष्ट झालाय. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाले का, हा वाद होता, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुढे आलं. ते प्रकरण खोतकर विरुद्ध गोरंट्याल म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की चित्रणाची प्रत दिली तर सोबत प्रमाणपत्र हवंच, आणि मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्ष देऊन हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम ६५ बी होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, आणि नव्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश किंमतही (फाईल बदलली की बदलणारा तिचा ठसा) लिहावी लागते. एनव्हीआर असेल तर मूळ उपकरण म्हणजे एक छोटा डबा, त्यात फुटेजशिवाय काही नाही. पोलिसांनी जप्त केला तरी घरचं बाकी काही अडत नाही. डेस्कटॉप असेल तर त्याच मशीनमधली तुमची कागदपत्रं, फोटो, बँकेचं सगळं त्याच्याबरोबर जातं.

त्यासाठी एनव्हीआरचं पक्कं बिल घ्या, ज्यांच्या ताब्यात तो राहणार त्या वडिलांच्या नावावर, सिरियल नंबरासकट. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं एनटीपीचं सेटिंग चालू करा आणि टाइम झोन भारताचा आहे ना बघा, बरेच एनव्हीआर दुसऱ्याच देशाची वेळ घेऊन येतात. काही घडलंच तर डिस्कवर जुनं पुसून नवं लिहिलं जाण्याआधी त्या वेळेचं फुटेज कुलूपबंद करायची सोय मेन्यूत असते, ती वडिलांना आजच दाखवून ठेवा.